अडतीसवर अडलेला बोर्ड

"सदतीस पूर्णांक नऊ," प्रणितने बोर्ड वाचला. मग पुन्हा वाचला, दुसऱ्यांदा वाचल्यावर तरी आकड्याला लाज वाटेल म्हणून.

"मोठ्यानं नको वाचू," दिव्यानी म्हणाली. "मले आधीच राग येऊन राह्यला."

दुपारचा एक वाजला होता. मे महिन्याचा दुसरा आठवडा. करंजटोला ग्रामपंचायतीच्या समोर दिव्यानी, तिची धाकटी बहीण उर्वशी आणि शेजारचा प्रणित अशी तिघं उभी होती. उर्वशीला उभी म्हणणं कठीण होतं, कारण तिची चप्पल डांबराला चिकटत होती आणि ती दर मिनिटाला पाय बदलत होती. पंचायतीचं कुत्रं नळाखालच्या चिखलात पोटापर्यंत बसलं होतं आणि हाकललं तरी उठत नव्हतं. आणि भिंतीवरच्या काळ्या बोर्डावरचे लाल आकडे मात्र मोठ्या थाटात सांगत होते, सदतीस पूर्णांक नऊ.

"हा बोर्ड थंड हवेच्या चिखलदऱ्याचा हाय," उर्वशी म्हणाली. "चुकून आपल्याकडे आला."

कोणी हसलं नाही. दिव्यानीला तर हसणं शक्यच नव्हतं, कारण या बोर्डावर तिची आई अडकून पडली होती.

त्याचं असं झालं होतं. चंद्रपूरच्या एका संस्थेतल्या रिनाताई मार्च महिन्यापासून दर रविवारी स्कूटीवरून गावात येत आणि समाजमंदिरात 'हवामान कट्टा' भरवत. पोरांनी आणि घरच्या माणसांनी मिळून बदलतं हवामान समजून घ्यायचं, अशी कल्पना. कल्पना चांगली होती. पण पहिल्याच रविवारी त्यांनी बर्फावर बसलेल्या पांढऱ्या अस्वलाचं चित्र भिंतीला लावलं आणि त्याचं घर वितळतंय म्हणून सांगितलं. मोहाच्या झाडाखाली रोज काळ्या अस्वलाशी गाठ पडणारी माणसं ती. त्यांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली, बिचाऱ्या अस्वलाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या रविवारी फिरकली नाहीत.

तरीही एक काम झालं. एप्रिलच्या ग्रामसभेत रिनाताईंनी ठराव करून घेतला. पंचायतीला तापमान मोजायची मशीन मिळाली होती. तिच्या बोर्डावर बेचाळीस आकडा दिसला, की पंचायतीचे चपराशी लटारूभाऊ घंटा वाजवतील आणि तलावावरचं रोजगार हमीचं काम चार वाजेपर्यंत बंद राहील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला महिना झाला होता आणि घंटा एकदाही वाजली नव्हती.

दिव्यानीची आई, रंभा, त्याच तलावातला गाळ उपसत होती. आदल्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती तलावाच्या बांधावर, पाळीवरच बसली. संध्याकाळी तिला दोनदा उलटी झाली. सकाळी सहाला उठून तिने पुन्हा पदर खोचला.

"माय, नको जाऊ ना वं आज," दिव्यानीने हात धरला होता.

"आमी दहा जणी एका गटात हाओ. एक घरी बसली तर खड्ड्याचं माप कोण भरन? मजुरी मापावरच मिळते. बोर्डानं सांगितलं का सारेच येऊ घरी."

बोर्ड सांगणार कधी? पुढच्या वेळी माय पाळीवर बसणार नाही, पडेल. दिव्यानीला हे स्वच्छ दिसत होतं, आणि गावातल्या एकाही मोठ्या माणसाला दिसत नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "आधी भैयाजीले विचारू."

भैयाजी म्हणजे कामावरचे मेट, मुकादम. ते पाळीवरच्या पळसाखाली बसले होते. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात हजेरीचं रजिस्टर.

"भैयाजी, तुमाले किती गरम होऊन राह्यलं?"

"जीव चालला माहा," भैयाजी म्हणाले.

"मग काम बंद करा ना."

"बोर्डावर किती हाय?"

"अडतीसच्या आत."

"मग कसं बंद करू?"

"पण तुमचाच जीव चालला ना?"

"अंगाले काय वाटते ते रजिस्टरात लिहिता येत नाई वं पोरी," भैयाजी म्हणाले आणि दुपट्टा पुन्हा भिजवायला उठले.

तिथून ही वरात सरपंच सोमाजीभाऊंकडे गेली. ते कूलरसमोर खाटेवर पडले होते.

"सोमाजीभाऊ, बोर्ड चुकीचं सांगते."

"ते मशीन जिल्ह्यावरून आली हाय," सरपंच डोळे न उघडता म्हणाले. "तिच्यात कॉम्प्युटर हाय. तू कितवीत?"

"आता आठवीत जाईन."

"मशीन तुह्यापेक्षा जास्त शिकलेली हाय."

रिनाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या मोबाइलवर पंचेचाळीस दाखवतंय खरं. पण ते चंद्रपूरचं असेल. जंगलाकडे थोडं कमी असतं. मी नोंद घेते हं, रविवारी नक्की बोलू."

"रविवारपर्यंत काय माय खाली पडाची वाट पाहाची?" दिव्यानी फोन बंद झाल्यावर फोनलाच म्हणाली. माणसं बोर्डाचं ऐकत होती, मशीनचं ऐकत होती, मोबाइलचंही अर्धंमुर्धं ऐकत होती. स्वतःच्या घामाचं तेवढं कोणी ऐकत नव्हतं. तिने कपाळाला हात लावला आणि तोही भाजला.

"आपल्यापाशी पुरावा नाई," प्रणित म्हणाला. प्रणितला सगळ्या गोष्टींचा पुरावा लागे. त्याच्या वहीत आडव्या रेघा पट्टीने मारलेल्या असत. "रिनाताईनं बारा घरी थर्मामीटर वाटले होते ना? रोज दुपारी दोन वाजता घरच्यांनी वाचून लिहाचं म्हणून. ते बारा आकडे आणू."

कल्पना उत्तम होती. फक्त बारा घरांपैकी एकाही घराने एकही आकडा लिहिला नव्हता.

पहिल्या घरी थर्मामीटर सापडला तो लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूच्या घडीत. "सरकारी वस्तू हाय. फुटली तर?" घरच्या बाई म्हणाल्या. दुसऱ्या घरी तो तांदळाच्या कोठीत खोल खुपसून ठेवला होता, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. तिसऱ्या घरी मीराबाई आजीने तो बकरीच्या काखेत लावून पाहिला होता आणि तो बकरीचा ताप उतरवत नाही अशी तिची तक्रार होती. चौथ्या घरी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा देव्हाऱ्यामागे होता. प्रणितच्या स्वतःच्या घरी त्याच्या बाबांनी तो कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली होती.

"बाबा, तुमी बी?" प्रणितने विचारलं.

"जपून ठेवला ना पण?" बाबा अभिमानाने म्हणाले.

"तापमान मोजाची वस्तू कपाटात ठेवून कपाटाचं तापमान मोजाचं का?" दिव्यानी म्हणाली. मग आपण दुसऱ्याच्या वडिलांशी बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने जीभ चावली.

संध्याकाळपर्यंत अकरा थर्मामीटर पेटीबाहेर, कोठीबाहेर आणि बकरीपासून दूर आले. बारावा फुटला होता. तिघांनी प्रत्येक घरी एकेक सावलीत, वारा लागेल असा, उर्वशीच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगला. उर्वशी प्रत्येक भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि प्रणित खूण करायचा. "मी मोजपट्टी हाय," ती ज्याला त्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दर तासाला अकरा घरं पालथी घातली. सकाळी आठला घरांमध्ये तेहतीस, बोर्डावर तेहतीस. नऊला घरांत सदतीस, बोर्डावर सदतीस.

"बरोबर तर हाय मशीन," उर्वशी म्हणाली.

दहाला घरांत चाळीस झाले होते. तिघं पंचायतीसमोर आली आणि प्रणितच्या हातातली पेन्सिलच पडली. बोर्डावर होतं चौतीस.

"सूर्य वर चालला अन् बोर्ड खाली," दिव्यानी हळूच म्हणाली. "असं कसं होईन? कोणीतरी काहीतरी करून राह्यलं."

दोन वाजता घरांत चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. बोर्डावर सदतीस. प्रणितने वही सरपंचांना नेऊन दाखवली. सोमाजीभाऊंनी ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी धरली, रेघा छान मारल्या म्हणाले आणि परत दिली. "काचेच्या नळ्या ह्या. मशीन ते मशीन."

"आता मात्र हद्द झाली," दिव्यानी म्हणाली. "उद्या नऊ वाजेपासून पाळत ठेवाची. दहाच्या आधी मशीनजवळ कोण जाते ते पाहू."

मशीनचा बोर्ड तेवढा समोरच्या भिंतीवर होता. तापमान मोजणारा भाग मागच्या अंगणात, फटी असलेल्या एका पांढऱ्या लाकडी पेटीत होता. पेटी उंच पायांवर उभी होती आणि भोवती तारेचं कुंपण होतं. कुंपणाला कुलूप. अंगणाला लागून शाळेची भिंत आणि भिंतीपलीकडे जुनी चिंच. सुट्टीत शाळेत चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिघं चिंचेवर चढून बसली.

"माह्या मते भैयाजी," प्रणित कुजबुजला. "काम लवकर संपवाचं असन त्यायले."

साडेनऊला खरोखरच भैयाजी अंगणात आले. तिघांनी श्वास रोखला. भैयाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुंपणाजवळ गेले, खिशात हात घातला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि आले तसे सही करायला आत गेले.

"हे तर काहीच नाई," उर्वशी निराश होऊन म्हणाली. "मले मुंगी चावून राह्यली."

"गप."

बरोबर पावणेदहाला पंचायतीचं मागचं दार उघडलं आणि लटारूभाऊ बाहेर आले. पन्नाशीचा, काटक माणूस. गावात त्यांच्याइतका कामाला चोख माणूस नव्हता. पंचायतीची घंटा ते राखेने घासत, झेंड्याची दोरी स्वतःच्या हाताने धूत. आज त्यांच्या एका हातात बादली होती आणि खांद्यावर पोत्यांची चळत. त्यांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. बादलीत पोती बुडवली, पिळली आणि एकेक करून त्या पांढऱ्या पेटीला चारही बाजूंनी गुंडाळली. वरून सुतळी बांधली. उरलेलं पाणी ओंजळीने शिंपडलं. मग दोन पावलं मागे होऊन, रांजणाला ओलं पोतं गुंडाळल्यावर बघतात तसं, समाधानाने पाहिलं.

"आता नाई लागत तुले ऊन," ते पेटीला म्हणाले.

चिंचेवर प्रणितने वहीत वेळ टिपली.

मग दिव्यानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कधी उतरली आणि भिंतीवरून अंगणात कधी उडी मारली, हे तिचं तिलाही समजलं नाही.

"लटारूभाऊ, हे काय करून राह्यले तुमी?"

लटारूभाऊ दचकले. "तू कुठून आली वं? दूर हो, मशीन नाजूक हाय. बसवाले आलते ते साहेब सांगून गेले, लटारू, मशीन महागाची हाय, तुह्या भरोशावर हाय, जपजो. मी दिवसातून दोनदा पोते भिजवतो. माह्या घरच्या रांजणाले बी एवढं जपत नाई मी."

"अन् सांजच्याले काढता?"

"काढतोच ना. रातच्याले तिले काऊन भिजवाचं?"

"ते मशीन ऊन मोजाले हाय, लटारूभाऊ. तिले ऊन लागलं नाई तर ते काय मोजन? तुमची पोती मोजन?" दिव्यानीचा आवाज चढला. "तुमच्या मशीनले थंड वाटते म्हणून घंटा होत नाई. घंटा होत नाई म्हणून माही माय तलावात हाय. त्या दिवशी पडता पडता वाचली ते. तिच्यावर कोणी पोतं टाकलं का ओलं?"

लटारूभाऊंनी पेटीकडे पाहिलं, मग हातातल्या सुतळीकडे. दिव्यानीला वाटलं, आता ओरडतील. पण ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "माही सून बी त्याच गटात हाय."

मागून प्रणित आणि उर्वशी येऊन पोहोचली होती. कोणी काही सांगायच्या आत लटारूभाऊंनी सुतळी तोडली. पोती भराभर खाली आली. उर्वशी धावत समोरच्या बाजूला गेली आणि तिथून ओरडून आकडे सांगू लागली.

"चौतीस!" मग बराच वेळ काही नाही. "छत्तीस झाले!"

पेटीचं लाकूडसुद्धा ओलं होतं. ते वाळायला वेळ लागला. सरपंच ऑफिसात आले, गर्दी पाहून पुढे झाले. आत बसलेले भैयाजी बाहेर आले. प्रणितने त्यांना भिजलेली पोती दाखवली आणि सगळे बोर्डाकडे पाहत उभे राहिले. अडतीस. एकोणचाळीस. महिनाभर ज्या आकड्यापाशी बोर्ड अडून बसला होता, तो ओलांडून तो वर निघाला. सव्वाअकराला एक्केचाळीस पूर्णांक सहा. सोमाजीभाऊंनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, जणू आत्ताच त्यांना गरम व्हायला लागलं होतं.

"बेचाळीस!" उर्वशी किंचाळली.

लटारूभाऊंनी टोल मोजले नाहीत. ते घंटेला दोन्ही हातांनी बडवत राहिले, आणि महिनाभर राखेने घासून चकचकीत केलेल्या त्या घंटेचा आवाज थेट तलावापर्यंत गेला.

दिव्यानी घंटेसाठी थांबली नाही. ती बेचाळीस ऐकताच पळत सुटली होती. पाळीवर पोहोचली तेव्हा बाया टोपली खाली ठेवून एकमेकींकडे पाहत होत्या. रंभा चढणीच्या मध्यावर होती. टोपलं अजून डोक्यावर होतं आणि पाय लटपटत होते. दिव्यानीने खाली उतरून टोपलं आधी उलटं केलं, गाळ पुन्हा तळ्यात गेला तर गेला, आणि मायच्या काखेत खांदा घातला.

"घंटा झाली का?" रंभाने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"झाली. चाल."

"खरंच झाली? मले वाटलं कानात वाजून राह्यलं."

पळसाखाली आणून तिला झोपवलं. लटारूभाऊंची सून ओला पदर तिच्या मानेवर ठेवून वारा घालू लागली. दुसरीने कैरीचं पन्हं घोट घोट पाजलं. पाऊण तासाने रंभाने डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "माही टोपली कुठी हाय?" तेव्हा दिव्यानीला रडू आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

रविवारी समाजमंदिर भरलं. चहा होण्याआधीच भरलं, हे नवल. अकरा घरांतली माणसं आपापला थर्मामीटर घेऊन आली होती आणि कोणाचा जास्त चढला यावर दोन घरांत वादही झाला. मीराबाई आजीने आता रोजचा आकडा चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहायला सुरुवात केली होती.

रिनाताई पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मोबाइलवर पंचेचाळीस दिसत असताना मी नोंद घेते म्हणाले, आणि पेटी उघडून बघायला आले नाही. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचं पांढरं अस्वल स्वतः काढलं आणि तिथे प्रणितच्या वहीतलं पान मोठं करून लावलं. अकरा घरं, बोर्ड, तास, आकडे. गाव पुढे सरकून वाचू लागलं. आपल्या घराचा आकडा शोधत प्रत्येक जण बोट फिरवत होता.

"आपला मुलूख दरसाल तापत चालला हाय म्हणतात," सोमाजीभाऊ उठून म्हणाले. त्यांना भाषण केल्याशिवाय राहवत नसे. "ते मोजाले मशीन लागते, पण मशीनवर लक्ष ठेवाले शिकलेली माणसं लागतात. अन् ही तीन पोट्टी..." ते थांबले. "मी म्हणलं होतं मशीन जास्त शिकलेली हाय. तर ते वाक्य मी परत घेतो. असं कोणत्या ठरावात लिहू, भैयाजी?"

"लिहा, लिहा," भैयाजी म्हणाले. "अन् खाली हे बी लिहा, का मेटाच्या अंगाले गरम वाटलं तर त्यानं मेहेरबानी करून स्वतःच काम थांबवावं."

गाव हसलं. टाळ्या झाल्या. उर्वशीला मोजपट्टी म्हणून वेगळी टाळी हवी होती, तीही मिळाली. लटारूभाऊ मात्र मागे दाराशीच उभे होते. सभा संपल्यावर ते दिव्यानीजवळ आले आणि कुंपणाची दुसरी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"एक तुह्यापाशी राहू दे. म्या काही चुकीचं केलं तर उघडून पाहाले," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ती मायबरोबर तलावावर गेली. पळसाखाली एक नवा रांजण होता. त्याला चारही बाजूंनी ओली पोती गुंडाळली होती, वरून सुतळीची तीच पक्की गाठ होती, आणि लटारूभाऊ ओंजळीने पाणी शिंपडून, दोन पावलं मागे होऊन बघत होते.

रंभा गडवा भरून पाणी प्यायली.

"महिनाभर हे सारं थंड पाणी ते मशीनच प्याली का वो, लटारूभाऊ?" ती म्हणाली आणि गडवा दिव्यानीच्या हातात दिला.